औटमामाचा पाय

सूतगिरणीत चारी मुलखांची माणसं होती आणि एकच शब्द प्रत्येकाच्या तोंडी वेगळा होता. डोंगराकडचे ‘औट’ म्हणत, समुद्राकडचे ‘आवट’, आणि सपाटीवरचे शेवटचा ट गिळूनच टाकत. बरं, तो शब्द खेळाच्या मैदानातच गप बसावा ना! बल्ब गेला की औट, धागा तुटला की आवट, आणि पाळी संपायच्या आधीच कुणी सटकला तर तोही आऊट.

यंत्रांना तेल घालणारा मामा डोंगराकडचा. सगळी उमर खडखडाटात गेल्यामुळे त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. गिरणीमागच्या मैदानात व्हॉलीबॉल असला की पंचाच्या उंच स्टुलावर तोच. चेंडू बाहेर पडला रे पडला की ‘औऽऽट’ अशी आरोळी ठोकायचा, ती पार वसाहतीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. त्यावरूनच त्याला औटमामा म्हणू लागले. त्याने औट म्हटलं की विषय संपला, त्यावर वाद घालायची पद्धतच नव्हती.

मग स्टोअरमध्ये नवा कारकून आला. बारीक चणीचा, कडक इस्त्रीतला, वर पंचाची परीक्षा पास झालेला. अधूनमधून तोही पंच व्हायचा. शिट्टी वाजवायचा, हात वर करायचा आणि पाहुण्याला ‘बसा’ म्हणावं तितक्या हळू ‘आऊट’ म्हणायचा. थोड्याच दिवसांत गिरणीतली डोंगराकडची पोरंसुद्धा तोंडाचा चंबू करून ‘आऊट’ म्हणायला लागली. मामाने तेही गिळलं असतं. पण एका संध्याकाळी सामना पाहून परतताना मामी म्हणाली, “किती गोड बोलतो हो तो! तुम्ही ओरडता तेव्हा माझ्या हातातलं भांडं पडतं.”

मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. मग त्यालाच वाढ जेवायला, असं तो फणकारला. मामीही काही कमी नव्हती. बोलवा की, म्हणाली, निदान भाजीला मीठ कमी आहे हे हळू आवाजात तरी ऐकायला मिळेल.

खोटं कशाला बोला, मामाला कारकुनाचा हेवा वाटत होता. त्याच्या खुर्चीचा नाही, परीक्षेचा नाही, त्या एवढ्याशा शब्दाचा. तेलाच्या खोलीचं दार लावून त्याने कितीदा तरी ‘आऊट’ म्हणून पाहिलं. ओठ गोल केले, हनुवटी आत घेतली, आवाज खाली आणला. बाहेर पडला तो औटच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगाच नाही.

आणि अंतिम सामन्याला मॅनेजरसाहेबांनी स्टूल कारकुनाला दिलं. मामाला मागच्या रेषेवर उभं केलं. चेंडू आत पडला की बाहेर, एवढंच त्याने तिथून सांगायचं. कारकून ऐटीत स्टुलावर चढला तेव्हा मामाने मनातल्या मनात एकच मागणं मागितलं. ह्याची शिट्टी एकदा तरी चुकावी, सगळ्यांदेखत.

रेषेवरच्या माणसाने दोन गोष्टी पाळायच्या, हे मामाच सगळ्यांना शिकवत आलेला. नजर रेषेवरून हलवायची नाही आणि रेषेवर पाय द्यायचा नाही. त्या दिवशी मात्र त्याची नजर सारखी स्टुलाकडे जात होती. सामना अगदी टोकाला आला. पॅकिंग खात्याला जिंकायला एकच गुण हवा होता. कताई खात्याच्या गड्याने उडी मारून जीव खाऊन चेंडू हाणला, आणि नेमका तेव्हाच मामा कारकुनाचं तोंड बघत होता. आता चुकतो की नाही बघू!

चेंडू धप्पकन त्याच्या पायाशी पडून उडाला. सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या. त्याने काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. पण तोंडाला जन्माची सवय.

“औऽऽट!”

पॅकिंगवाल्यांनी एकच जल्लोष केला. कताईचा गडी मटकन खाली बसला, पण हू की चू केलं नाही, मामाने औट म्हटलं होतं ना. मामाने खाली पाहिलं. रेषेची पांढरी फक्की चेंडूने मधोमध विसकटली होती. चेंडू रेषेवर पडला म्हणजे आतच. कारकून स्टुलावरून उतरत होता. मामाने हळूच बूट पुढे सरकवला आणि ती खूण पुसून टाकली.

कारकून सरळ त्याच्याकडेच आला. “मला चेंडू आत वाटला होता, मामा. शिट्टी तोंडाशी नेली होती मी. पण तुम्ही औट म्हणालात, मग काय राहिलं?” पुढच्या वर्षी स्टुलावर तुम्हीच बसायचं, मी साहेबांशी बोलतो, असंही तो म्हणाला. मामाला हवं ते सगळं आपणहून हातात आलं होतं, आणि त्याला ते गिळवत नव्हतं.

घरी आल्यावर मामीने त्याचे कॅनव्हासचे बूट धुवायला घेतले. उजव्या बुटाच्या टोकाला फक्कीचा जाड पट्टा होता. तिने तो अंगठ्याने खरवडला, थांबली, आणि अगदी साधेपणाने विचारलं, “रेषेवर पाय द्यायचा नसतो ना हो?”

मामाने तिच्या हातातला बूट घेतला, दुसराही घेतला, तसेच पायात घातले आणि कारकुनाच्या खोलीकडे निघाला. दाराशी पोहोचला तोच आतून बारीक, चिरका आवाज आला. “औऽऽट!” पाठोपाठ कारकुनाच्या बायकोचं हसू. “छे, नाही हो जमत तुम्हाला. मामांचा कसा पोटातून येतो.”

“थांब गं, पुन्हा म्हणून बघतो.”

मामाचा हात कडीवरच राहिला. आत पुन्हा एकदा औट उठला, आधीपेक्षाही केविलवाणा. मग त्याने कडी वाजवली. कारकुनाने दार उघडलं तेव्हा मामाने बुटाकडे बोट दाखवलं आणि उभ्या जन्मात बोलला नसेल इतक्या हळू आवाजात म्हणाला, “चेंडू आत होता.”