खर्ड्याच्या माळावर पाण्याचा दिवा

खर्ड्याच्या स्टँडवर एसटीतून उतरले ती किल्ला बघायला. पण चहावाल्यानं मध्येच खोडा घातला. "बाई, किल्ला कुठं पळून जातोय? डोंगरावल्या वस्तीला जा. थितं दशरथ फिटर पान्यावर दिवा लावतोय!" झालं! शाळेत भूगोल शिकवणारी मी, मला राहवतंय होय? निघाले डोंगर चढायला.

वस्तीवर विजेचे खांब आलेत, तारांचा पत्ता नाही. म्हणून साखर कारखान्यातून परतलेल्या दशरथरावांनी दोन हौद बांधलेत, एक टेकाडावर, एक पायथ्याला. पत्र्याची पवनचक्की खालचं पाणी वर चढवते. ते नळातून सोडलं की चाक फिरतं आणि सायकलच्या डायनामोवर दिवा लागतो. म्हणजे लागायला हवा! आज वाराच पडलेला, वरचा हौद कोरडा.

त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी मला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वेटोळी, झणझणीत रश्शात शिजवलेली) वाढले आणि नवऱ्याला ठणकावलं, "दिवस मावळायच्या आत दिवा लागला तर ठीक. न्हाई तर समदं पानी माझ्या कांद्याला. रोपं माना टाकायलीत."

दशरथरावांचं तोंड एवढंसं झालं. दोन वर्षांची खटपट हो! मला बघवेना. पदर खोचला नि ओरडले, "घागरी आणा!"

मग काय धमाल! ते, मी आणि चार शेजारी, खालून वर, वरून खाली. मी दोनदा घसरले, तिसऱ्यांदा घागरीसकट बसले.

"वाऱ्यानं चढवायचं हुतं ना?" बायजाबाई खिजवत होत्या.

"पान्याला काय ठावं कुनी चढीवलं!" म्हणत दशरथरावांनी नळ सोडला.

चाक कुरकुरलं, फिरलं. दिवा लाल झाला, पिवळा झाला, लागला! अहो, भर उन्हात आम्ही नाचलो. बायजाबाई मात्र खालच्या हौदाकडे धावल्या.

"अगं बया! पानी तर समदं हितंच आलं!"

"मग जातंय कुठं?" दशरथराव.

"मला वाटलं, रॉकेलवानी जळून जातंय!" त्या पोट धरून हसल्या. मग स्वतःच घागर बुडवून डोक्यावर घेतली. "चला वर! आनिक एकडाव लावू. दिवा इझला की ह्याच पान्यात कांदा भिजवू."

नगरला घरी येऊन चार दिवस झाले, खांदे अजून ठणकतात. दिव्याचं बटण दाबताना हात जरा थांबतो. याचं पाणी कुणी चढवलं असेल, असं मनात येतं आणि मी एकटीच खुळ्यागत हसते.