कुत्र्याशी अबोला

आमच्या बानं ते पिल्लू साखरा गावाहून घोंगडीत गुंडाळून आणलं, तेव्हा ते इतकं गरीब दिसत होतं की मायनं त्याला मेंढीचं दूध बोटानं चाटवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच बोटाचा चावा घेतला. उपकाराची एवढ्या तातडीनं झालेली फेड मी तोवर पाहिली नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सातवीत होते, शेजारच्या गोरेगावच्या शाळेत जात होते आणि घरात सगळ्यांत शहाणी मीच, असं माझं पक्कं मत होतं. आमचं मेंढरं राखणारं जुनं कुत्रं पावसाळ्यात मेलं, म्हणून हे नवं. राखणीचं कुत्रं लहानपणापासून कोकरांतच वाढवायचं, म्हणजे ते त्यांना आपली भावंडं समजतं, अशी आमच्यात रीत. रीत चांगलीच आहे. फक्त भावंडं एकमेकांना चावतात, हे रीत पाडणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.

पिल्लू खेळायला लागलं की कोकराचा कान, शेपटी, पाय, जे तोंडात येईल ते धरायचं. कोकरू ओरडलं की त्याला आणखी चेव यायचा. पोळा होऊन आठवडा झाला नसेल, एका कोकराचा कान फाटला. बानं कानाला हळद लावली आणि शांतपणे म्हणाला, "खेळता खेळता रक्ताची चव लागली की कुत्रं वाया जातंय. दिवाळीपस्तोर सुधरलं तर बरं. न्हाई तर गोरेगावच्या हाटेलवाल्याला देऊन टाकतो."

तो हॉटेलवाला पाळलेल्या कुत्र्यांवरही उकळतं पाणी फेकायचा. शाळेत जाता-येता मी ते रोज बघत होते.

"मी शिकिवते त्याला," मी म्हणाले.

"तुला सतराचा पाढा येईना, अन् कुत्र्याला शिकिवतीस?" बा म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

शेजारच्या म्हातारीनं न मागता सल्ला दिला. "ठेचा चारा त्याला. कुत्रं तेज होतंय." तेज कुत्र्यानंच तर माझा जीव खाल्ला होता! पण ठेच्यावरून मला माझी अक्कल सुचली. चारायचा नाही, हाताला चोळायचा. पिल्लानं माझा हात चावला, शिंकलं, जमिनीवर तोंड घासलं आणि पुन्हा चावलं. चौथ्या दिवशी तर ते ठेच्यासाठीच हात चाटायला लागलं. मध्ये एकदा मी त्याच हातानं डोळे चोळले आणि सुजलेल्या लाल डोळ्यांनी शाळेत गेले. गुरुजींना वाटलं, पोरीच्या घरी काही वाईट झालंय. त्यांनी मला लवकर सोडलं. ठेच्याचा एवढाच काय तो फायदा.

आता आमच्या घराविषयी थोडं सांगायला हवं. आमच्याकडं मारझोड नव्हती. अबोला होता, आणि तो चांगला ऐसपैस चालायचा. माय आणि बा एकाच चुलीपुढं बसून माझ्यामार्फत बोलत. "तुझ्या बाला म्हन, भाकर निवून राहिली." "तुझ्या मायला म्हन, मला दिसून राहिलं." एकदा हे पंधरा दिवस चाललं, आणि कशावरून सुरू झालं ते शेवटी दोघांनाही आठवेना. मी मध्ये बसून फुकटची टपालवाली झाले होते.

तर एका सकाळी पिल्लानं माझ्या मनगटात दात रुतवले. "माय वं!" म्हणून मी किंचाळले, हात काखेत घातले आणि पाठ फिरवून उभी राहिले. शिकवायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं. निव्वळ राग होता, आणि आमच्या घरात राग असाच करतात. त्यानं मागून ओढणी ओढली. मी हलले नाही. ते पुढं येऊन माझ्या तोंडाकडं बघायला लागलं. मी दुसरीकडं बघितलं. शेवटी ते खाली बसलं आणि कुंई कुंई करायला लागलं. मी वळले, हात पुढं केला. त्यानं तो तोंडात धरला, पण या वेळी दात नुसते टेकवले.

मला पाटीलकी मिळाल्यासारखं झालं.

मग रोज तेच. जोरात चावलं की किंचाळी आणि अबोला, हळू धरलं की खेळ. पुढं मी कोकरू मांडीवर घेऊन बसायला लागले. त्याला दात लागले की मी किंचाळायची आणि कोकराला घेऊन कुंपणाबाहेर निघून जायची. पिल्लू आत एकटं. एकटेपणा त्याला ठेच्याहून जास्त झोंबायचा. 

माय बघून हसायची. "माणसं कमी पडली काय वं, कुत्र्यासंगं अबोला धरलास?"

"मायवर गेली," बा म्हणाला. त्यावरून त्या दोघांचा दोन दिवस अबोला झाला.

दिवाळी झाली. बानं पिल्लाला कोकरांत सोडलं, मला कुंपणाबाहेर उभं केलं आणि बजावलं, "तोंडातून शब्द काढायचा न्हाई." ज्याचा कान फाटला होता तेच कोकरू नेमकं पिल्लाच्या अंगावर चढलं. त्याचा खूर पिल्लाच्या नाकावर पडला. पिल्लानं तोंड उघडून त्याचा पाय धरला. मी ओढणी तोंडात कोंबली. मला हॉटेलवाल्याचं पातेलं दिसत होतं. पिल्लानं क्षणभर पाय तसाच धरला, मग सोडला, आणि कोकराकडं पाठ करून कुंपणाकडं तोंड करून बसलं.

बा इतका हसला की विडी विझली. "हे तर आपल्याच घरातलं झालं," तो म्हणाला. "चांगलं हाय. घेऊन जातो."

मी नाचायला लागले आणि मध्येच थांबले. घेऊन जातो? ठेवायचं म्हणजे घरी ठेवायचं, असं मी धरून चालले होते. जन्मापासून मेंढरांच्या घरात वाढले, दर दिवाळीनंतर बा आणि चुलता मेंढरं घेऊन डोंगरकड्याकडं खतासाठी लोकांच्या शेतांत बसवायला जाताना पाहिले, राखणीचं कुत्रं मेंढरांबरोबर जातं हे शेंबड्या पोरालाही माहीत. मलाच तेवढं सुचलं नव्हतं. नापास झालं असतं तर गोरेगावला तरी रोज दिसलं असतं, असा नीच विचारही माझ्या मनात येऊन गेला.

दोन दिवसांनी ते गेलं. कोकरांच्या मागं मागं, शेपटी वर करून. मला शाळा होती.

मेंढरं परत आली ती मृगाच्या तोंडावर. कुत्रं केवढं तरी मोठं झालं होतं. त्यानं मला ओळखलं, अंगावर उडी घेतली, माझी ओढणी चिखलात पाडली. मी खाली बसले आणि माझा हात त्याच्या तोंडात दिला. त्यानं जिभेनं तो हळूच बाहेर ढकलला. मी पुन्हा दिला. त्यानं पुन्हा ढकलला.

"चाव की रे," मी म्हणाले. "मी न्हाई वरडत."

त्यानं माझा हात चाटला आणि कोकरांकडं निघून गेलं.