पाठीतलं पाणी

हैदराबाद राज्याच्या वाटण्या झाल्या, त्या वर्षी यजमानांची कचेरी औरंगाबादेला गेली. तिकडे बिऱ्हाडाला जागा मिळेपर्यंत मी हैदराबादेत काचीगुड्यातच राहावं असं ठरलं, आणि नेमका तेव्हाच मला ताप भरला. डोकं फुटायला आलं, मान वळेना. घरमालकांनी टांग्यातून दवाखान्यात पोचवलं, यजमानांना तार केली आणि ते आपल्या कामाला गेले. त्यांनी तरी किती करावं? खाटेवर पडून मी तुळजापूरच्या आईचा धावा करत होते, पण मन कोरडं ठणठणीत. तुळजापूरही वाटणीत तिकडेच गेलेलं. आईचीसुद्धा बदली झाली की काय, असं मनात येऊन आधी हसू आलं, मग रडू.

मेंदूज्वर आहे का ते कळायला पाठीच्या कण्यातून पाणी काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ते पाणी काढलेला माणूस एक तर जातो, नाही तर जन्माचा लुळा होतो, हे आमच्याकडे सगळ्यांना पक्कं ठाऊक. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो. सुई त्याच्या खाली, दोन मणक्यांच्या फटीत जाते. काढतात ते थोडंसंच, शरीर ते पुन्हा भरून काढतं. माणसं जातात ज्वराने आणि बदनाम होते सुई. मला पटलं, तरी भीती जाईना. हलायचं मात्र नाही, कुणीतरी धरायला हवं. "आपके साथ कौन है?" त्यांनी विचारलं. 'कुणी नाही' म्हणून मी मान हलवायला गेले, तीही हलेना.

शेजारच्या खाटेपाशी आजारी सुनेच्या उशाला एक वयस्क मुसलमान बाई बसल्या होत्या. त्या न बोलावता उठून आल्या. त्यांनी मला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी आणून घट्ट कवेत घेतलं. "हिलो नक्को बेटा, मैं पकड़को हूँ." त्यांच्या ओढणीला कात-चुन्याचा वास होता. सुई शिरली तेव्हा आईचं नाव घ्यायचंही मी विसरले.

नंतर उशी न घेता उताणं पडून राहा, असं बजावलं होतं. पण दिवेलागणीला आडवं पडायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. उठून बसले, हात जोडले, आणि डोक्यात घण पडू लागले. त्या बाईंनी पुन्हा निजवलं. "उठो नक्को. उने ऊपरवाला लेटे-लेटे बी सुनता."

सकाळी डॉक्टर म्हणाले, पाणी निर्मळ आहे, भिण्यासारखं काही नाही. मला त्या बाईंच्या पाया पडायचं होतं, पण उठायची चोरी. त्याच वाकल्या, माझ्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडकड मोडली. माझी आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी बोटं मोडली नव्हती. मी लहान मुलीसारखी रडले.

शरण जायलाही आपणच काहीतरी करावं लागतं, असं मी समजत होते. त्या खाटेवर माझ्याच्याने काहीच झालं नाही, साधं नामस्मरणही नाही, तरी मला सांभाळलं गेलं. याला काय म्हणावं ते जाणत्यांनी ठरवावं. मी तेवढे हात जोडते.

तार मिळताच निघालेले यजमान दुपारी पोचले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "एकटीचे फार हाल झाले तुझे."

मला 'हो' म्हणवेना.