पोट आत ओढून दिलेलं माप

माझी मोठी जाऊ गणवेश शिवायच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कापड बेतते. मी तिथेच काजं-बटणं करते. तोंडावर सगळ्या तिला मास्तरीण म्हणतात आणि तिची पाठ वळली की रणगाडा. हे तिला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे, आणि मी आजवर एकीलाही झापलेलं नाही. त्याची लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

घरीही तेच. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं की थोरले दीर म्हणणार, "अगं, पाहुण्यांसाठी ठेव जरा!" पाहुणे कुठले? सासू धरून पाच माणसांचं घर. सगळे हसायचे, तीही हसायची आणि अर्धवट जेवून ताट उचलायची.

या वर्षी मालकांनी रस्त्याच्या बाजूला दुकान काढलं. नर्सबायांनी यायचं, माप द्यायचं, आठवड्याने गणवेश न्यायचा. माप घ्यायला जाऊबाईच बसणार, असं आम्ही धरून चाललो होतो. तिला ती जागा हवीच होती. मागच्या खोलीत ना खिडकी ना वारा, आणि दिवसभर उभं राहून तिचे गुडघे सुजतात. पण मालक म्हणाले, "काम तुमचंच चांगलं, त्यात वादच नाही. पण दर्शनी भागात जरा... समजून घ्या." आणि त्यांनी स्वतःच्या मेहुणीला बसवलं. कानामागून आली आणि तिखट झाली! टेप धरायला शिकून तिला जेमतेम महिना झाला होता.

आता माप घेण्यातली मेख सांगते. कमरेला टेप लागली की बाई पोट आत ओढते. काटकुळी असो की जाडी, ओढतेच. म्हणून जाऊबाई टेप गुंडाळते आणि आधी गप्पा काढते. "सासू काय म्हणते?" असं विचारलं की बाई एक तर हसते, नाहीतर उसासा टाकते. श्वास सुटला की मगच ही आकडा वाचते. मेहुणीने ओढलेली पोटंच मोजली आणि वर प्रत्येकीला "कित्ती बारीक हो तुम्ही!" म्हणाली. पंधरा दिवसांत चौसष्ट गणवेश परत आले. वाकलं की बटण उडायचं, आणि नर्सला दिवसभर वाकण्यावाचून दुसरं काम काय?

पण परत करताना त्या काय म्हणाल्या ते ऐका. "माझंच वाढलंय हो." "खाणं कमी करायला हवं." चौसष्ट बायकांपैकी एकीनेही मापाला दोष दिला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाजूच्या शिवणी उसवून, आत जास्तीच्या कापडाची ठेवलेली माया सोडून ते सगळे गणवेश जाऊबाईनेच सैल केले. मग मालक आले. "उद्यापासून माप तुम्हीच घ्या. पडदा लावून देतो. तुम्ही आत बसा, मेहुणी बाहेर बोलेल."

"आणि माप द्यायला आत येणाऱ्या बायकांचे डोळे बांधायचे का?" जाऊबाई म्हणाली. "पडदा नको. बसले तर पुढे बसेन, नाहीतर ही तुमची टेप."

आम्ही सगळ्या हातातलं काम थांबवून ऐकत होतो. मालकांकडे दुसरा इलाज नव्हता. "बरं, बसा पुढे," ते म्हणाले. "पण अंगावर काहीतरी नीट घाला. नवा गणवेश शिवून घ्या."

मला वाटलं, जिंकलो! सगळ्या घरी गेल्यावर मीच टेप घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. एवढ्या वर्षांत तिने कुणाला माप म्हणून दिलं नव्हतं. स्वतःचा जुना झगा पसरून अंदाजाने बेतायची. मी कमरेभोवती टेप आणली आणि तिने पोट आत ओढलं.

"ताई, श्वास सोडा की."

"सोडलाय."

"सासू काय म्हणते?" मी विचारलं. आमची दोघींची सासू एकच, म्हणून वाटलं हसेल. नाही हसली. मानेच्या शिरा ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. मी टेप धरून थांबले. म्हटलं, कधीतरी सोडेलच.

"लिही ना लवकर," ती दबक्या आवाजात म्हणाली. "किती वेळ धरून ठेवू?"