बिनगाठीचा दोरा

गित्ला रोझेनक्वितशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या बूरोस गावात अजून जन्माला यायचा आहे. एकोणसत्तर साली पोलंडनं ज्यूंना चालते व्हा म्हटलं, तेव्हा ती एक सुटकेस घेऊन स्वीडनला आली आणि इथल्या शर्टांच्या कारखान्यात शिलाईला बसली. पुढे कारखाना बुडाला, तिची सुई काही थांबली नाही. आमच्या मूठभर ज्यूंपैकी कुणी वारलं की कफन तीच शिवायची. त्याची रीत ठरलेली आहे, अंगात घालायचा बाह्यांचा झगाच तो. कापड पांढरं, खिसा नाही आणि दोऱ्याला कुठंही गाठ नाही.

स्वीडिश माणूस गेला की आठवडेच्या आठवडे शवागारात पडून राहतो, सगळ्यांच्या सवडीनं तारीख ठरते. आमच्यात मात्र घाई. त्यामुळे गित्ला कबरी खणणाऱ्या स्तेलानच्या मागे हात धुऊन लागायची. तिचा फोन आला की तो बिचारा आधी फावडं शोधायचा, मग विचारायचा कोण गेलं.

स्वतःचं कफन तिनं कधीच शिवून ठेवलं होतं. कापड आईच्या तागाच्या टेबलक्लॉथचं. महायुद्धात आईनं तो शेजारणीकडे सांभाळायला दिला होता. टेबलक्लॉथ परत आला, आई आली नाही. तिला ना कफन मिळालं, ना कबर. “मी तरी आईच्या कापडात जाणार,” असं गित्ला कॉफी पिता पिता कुणालाही ऐकवायची.

तिच्या खालच्या मजल्यावर बोस्नियाची नेर्मिना राहायची, म्हाताऱ्या आईबरोबर. मुसलमान माणसं, पण पुरायची घाई आमच्याइतकीच. आई, हाय्राबाई, नेमकी मिडसमरच्या, म्हणजे इथल्या मोठ्या उन्हाळी सणाच्या, आदल्या संध्याकाळी गेली. सकाळी सगळं गाव दुकानं बंद करून खेड्याकडे पळालेलं. गित्लानं स्तेलानला फोन लावला.

“आज? अहो बाई, आज सण आहे! घरी ताटात हेरिंग मासा वाट बघतोय.”

“मासा मेलेलाच आहे, तो थांबेल. दुपारच्या आत कबर तयार पाहिजे.”

स्तेलान कुरकुरत कबूल झाला. पण खाली नेर्मिना डोकं धरून बसली होती. मशिदीत कफनाच्या कपाटाला कुलूप, आणि किल्लीवाला सुट्टीला साराजेव्होत.

“मावशी, घरात एक पांढरी चादर नाही हो! सगळ्या फुलाफुलांच्या. कापडाचं गाव म्हणे हे! माझ्या आईला गुलाबाच्या फुलांत गुंडाळू का?”

गित्ला वर गेली. कपाट उघडून बराच वेळ तशीच उभी राहिली. मग कफन घेऊन खाली आली.

नेर्मिनानं ते ओळखलं. “नको मावशी. हे तुमच्या आईचं. आणि आमच्यात शिवलेलं चालत नाही.”

“मग उसवू. दोऱ्याला गाठच नाही, वेळ किती लागतोय?”

तिनं टोक धरून ओढलं. दोरा सर्रकन निघून आला. बाही सुटली, मग दुसरी. वर्षानुवर्षं जपलेलं कफन बघता बघता साधं कापड होऊन टेबलावर पडलं. नेर्मिना रडत होती. गित्ला इस्त्री तापवत होती.

हाय्राबाई दुपारच्या आत मातीत गेल्या. ही बातमी आमच्या सिनेगॉगमध्ये पोचायला कितीसा वेळ लागणार? शनिवारच्या प्रार्थनेनंतर सगळे जेवायला बसलो, तेव्हा हेनेक म्हातारा गित्लाला म्हणाला, “आपलं कफन त्यांना दिलंस? उद्या तू काय नेसून जाणार, पडदा?”

“माझ्या आईला मिळालं नाही, हेनेक. कुणाच्या तरी आईला मिळालं. आता तोंड मिटून सूप पी.”

हेनेकनं सूप प्यायलं. मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला की मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं मलाही सूप पी म्हणून दटावलं.

ऑगस्टमध्ये नेर्मिना गावी जाऊन आली. आईच्या पेटीतलं, हाय्राबाईंनी तरुणपणी हातमागावर विणलेलं पांढरं कापड तिनं गित्लाच्या टेबलावर ठेवलं. गित्लानं ते बोटांनी चाचपलं, उजेडात धरलं आणि एका जागी विणकर चुकली आहे असंही सांगितलं. मग डोळे पुसून कात्री काढली.

आता तिला सुईचं नेढं दिसत नाही. नेर्मिनानं दोरा ओवून दिला आणि सवयीनं टोकाला गाठ मारली. गित्लानं तिच्या हातावर चापट दिली.

“गाठ नको गं. उद्या परत कुणासाठी उसवावं लागलं तर?”