हब झोपेना, मग उठेना!

टेबलाच्या खणात जुन्या केबल साठतात ना, तसे ऑफिसात किस्से साठतात. एक ओढायला जावं तर गुंत्यासकट चार बाहेर येतात!

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका गाळ्यात. आम्ही लॅपटॉपला लावायचे हब बनवतो. लॅपटॉपला एक हब जोडला की त्यावर माउस, कीबोर्ड, काय हवं ते लावा. मी टेस्टिंग बघते, ज्योती कांबळे ग्राहकांचे फोन घेते आणि हबच्या आतला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, लिहितो वैभव परब. कुडाळचा. खूश झाला की मालवणीत बोलतो, वाट लागली तरी मालवणीतच.

तर आमच्या नव्या हबनं एक भलताच घोळ घातला. लॅपटॉपचं झाकण मिटलं तरी हा काही झोपायचा नाही. आपला गुपचूप बॅटरी पीत बसायचा.

पहिला फोन आला पार्ल्याहून. निवृत्त शिक्षिका, साने बाई.

"बॅटरी भरून झाकण लावते, थोड्या वेळानं बघते तर संपलेली. माझ्या मागे कोणीतरी लॅपटॉप वापरतं."

"घरात कोण असतं, बाई?" ज्योतीनं विचारलं.

"मी एकटी. म्हणून तर म्हणते!"

मला हसू फुटलं. फोन स्पीकरवर होता, मी तोंडावर ओढणी दाबली. पुढचं वाक्य ऐकलं आणि ओढणी तशीच राहिली.

"घराचं कुलूप बदललं. आणि कामाला येणाऱ्या लताला काढून टाकलं. तिच्याशिवाय किल्ली कोणाकडे नव्हती."

ज्योतीचा चेहरा पांढराफटक! "बाई, लता नाही हो. आमचा हब आहे तो. चूक आमची आहे."

 बाई म्हणाल्या, "तुमच्या हबला लताच्या घरी जाऊन माफी मागता येते का?"

त्या दुपारी परबनं डबाच उघडला नाही. हबवर काम करत बसला.

*

परबनं नवं फर्मवेअर लिहिलं आणि आमच्या सरांनी लगेच मुलुंडच्या एका मोठ्या ग्राहकाला डेमोला बोलावलं. सूटबूट घातलेली चार माणसं, मोठा स्क्रीन.

"बघा, काम नसलं की आता हब आपोआप झोपतो," सर म्हणाले. झोपला. टाळ्या!

"आणि कोणतीही की दाबली की उठतो." सरांनी की दाबली. काही नाही. माउस हलवला. काही नाही. मग सरांनी कीबोर्ड असा काही बडवला की स्पेसबार उडून पाहुण्यांच्या चहात!

मागे परबनं कपाळावर हात मारला. "मेल्या, कीबोर्ड पण हबवरच आसा! निजलेल्याकच सांगूचा लागता, ऊठ म्हणान!"

 चहातून स्पेसबार काढत एक पाहुणा शांतपणे म्हणाला, "वीज मात्र वाचली हां."

*

ते दुरुस्त झालं आणि अपडेट सगळ्या ग्राहकांना पाठवलं. सोबत ठळक सूचना: अपडेट चालू असताना लॅपटॉपजवळून हलू नका. 'केबल काढू नका' एवढंच लिहायचं ना! पण नाही.

बोरिवलीहून एका तरुणाचा फोन. आवाज रडवेला. "मॅडम, नव्याण्णव टक्क्यांवर अडकलंय. मी किती वेळ बसू?"

"पूर्ण होईपर्यंत थांबा," ज्योती म्हणाली. मागे भांड्यांचा, बायकांचा गलका. "घरात काही कार्यक्रम आहे का?"

"हो. साखरपुडा."

"कोणाचा?"

"माझाच!"

ज्योती खुर्चीतून उठली. "अहो, जा! आत्ता जा!"

तेवढ्यात त्याच्या फोनवर एका मुलीचा आवाज आला. "ताई, येऊ द्यात त्याला सावकाश. मी पण जरा विचार करते."

*

वीज वाचवायला परबनं हबवरचा निळा दिवाही बंद केला होता. हे मात्र सूचनेत लिहायचं राहिलं!

घाटकोपरचे एक काका थेट ऑफिसात. "तुमचं अपडेट टाकलं आणि हब मेला!"

"काम करत नाही का?" मी विचारलं.

"दिवाच लागत नाही, काम कसलं करतोय!"

"काका, हब चालू असणार. दिवा आम्हीच बंद केलाय."

 काकांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे उघडला. आत हब. सुटा सुटा, स्क्रूसकट!

"बल्ब बदलायला खोलला होता," ते म्हणाले.

*

दिंडोशीच्या सावंत काकांची वाचा अर्धांगवायूत गेलेली. मोठ्या बटणांचा कीबोर्ड हबला लावून ते एका बोटानं टाइप करतात आणि लॅपटॉप ते वाचून दाखवतो. पण संध्याकाळी काकू त्यांची चाकाची खुर्ची कॉलनीच्या कट्ट्यावर नेईपर्यंत हबनं बॅटरी पिऊन टाकलेली असायची. दोन वाक्यं झाली की आवाज बंद. कट्ट्यावर प्लग कुठला!

त्यांना अपडेट जमेना, म्हणून परब आणि मी घरी जाऊन टाकून आलो. झाल्यावर काकांनी टाइप केलं आणि लॅपटॉप त्याच्या सपाट आवाजात बोलला, "आता कट्ट्यावर त्या देसाईला सोडत नाही!"

परब खूश. "झकास, काका!"

पुढच्या आठवड्यात ऑफिस सुटायच्या वेळी सावंतांच्या सुलभाकाकूंचा फोन. कट्ट्यावरूनच. ज्योतीनं स्पीकर लावला.

"बाळा, ते जुनं होतं ना, ते परत टाकून देता येईल?"

ज्योतीनं विचारलं, "का हो काकू? बॅटरी टिकत नाही?"

"टिकते गं. अंधार पडेस्तोवर टिकते. देसाईंशी राजकारण, क्रिकेट, सगळं चालू असतं." काकूंचा आवाज एकदम खाली आला. "आधी बॅटरी गेली की ते माझा हात धरून बसायचे."

परबनं कीबोर्डवरचे हात उचलले. 

मग फोनमधून मागची टकटक ऐकू आली. एकेक बटण. बराच वेळ.

आणि लॅपटॉप म्हणाला, "सुलभा, फोन ठेव. हात दे."