घोडीवरची खूण

पाटलाने जोडा घातलेला पाय माझ्या घोडीवर ठेवला आणि दाबला. आडवी काठी कडकन मोडली. मग एक पाय. मग दुसरा. हात लावला नाही. माझ्या हातातून आलेल्या लाकडाला तो हात कसा लावणार? जोड्याला विटाळ होत नाही.

चावडीवर गाव बसले होते. मी पायऱ्यांच्या खाली, उन्हात. पाटील तुकड्यांकडे बघून म्हणाला, "म्हारनीची घोडी मेली. वडून न्या रं."

गाव हसले. मेलेले जनावर ओढून नेणे हे महारवाड्याचे काम, म्हणून हसले. माझा नवरा तिथेच होता. येसकरकीची, गावच्या राखणीची, पाळी त्याची होती, म्हणून खांबाशेजारी काठी धरून उभा. तो हसला नाही. पण बोललाही नाही.

घोडी म्हणजे जनावर नव्हे. दोन सारख्या लांबीच्या काठ्या शेंड्याला बांधायच्या, पाय फाकवायचे, मधे एक आडवी काठी. शेंड्यावरून सुतळी सोडायची, सुतळीला दगड. उतारावर दोन्ही पाय एका पातळीत आले की सुतळी आडव्या काठीवरच्या खुणेवर येते. तसे पाऊल टाकत, खुंट्या ठोकत गेले की रेघ निघते. त्या रेघेवर बांध घालायचा. मग पाणी पळत नाही, उभे राहते, मुरते. माती जागची हलत नाही. एवढेच शास्त्र. आमच्या गावचे बांध मात्र भाऊबंदांच्या वाटणीचे, वरून खाली सरळ. पाणी त्यांच्या कडेने पळायचे आणि दर साली मूठमूठ शेत घेऊन जायचे.

मी हे शिकले सुप्याकडे. लढाई चालू होती, पावसाने दगा दिला होता, तिकडे बांधबंदिस्तीचे सरकारी काम निघाले होते. आम्ही माती उपसायला गेलो होतो. कामावरचा मिस्त्री नगरचा मुसलमान. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याचा मदतनीस तापाने पडला, तेव्हा त्याने विचारले, "आकडे कुणाला येतात?" मी शाळेच्या दाराबाहेर बसून चार इयत्ता केल्या होत्या. मी हात वर केला.

त्याने घोडी माझ्यापुढे धरली. मी सवयीने मागे सरले. तो खाली ठेवील, मग मी उचलीन.

"पकड ना बाई. हात भरून आला माझा."

मी धरली. पस्तिशीपर्यंत आमच्या माणसांखेरीज कोणी माझ्या हातात हातातून वस्तू दिली नव्हती. हे मला तेव्हा कळले. त्याला काही कळले नाही. तो खुंट्या मोजत पुढे गेला होता.

त्यानेच सांगितले, "डोळा खोटं बोलतो बाई. लाकूडपण बोलतं. बांधणी सैल होते, म्हणून खूण रोज नवी घ्यायची. घोडी एकदा सुलटी उभी कर, सुतळी पडेल तिथं रेघ मार. मग पाय अदलाबदल कर, उलटी उभी कर, परत रेघ मार. दोन्हीच्या मधली खरी." म्हणून खूण कोळशाने करायची. पुसली की नवी.

दोन वर्षांनी तालुक्याहून शेतकीचे साहेब आमच्या गावी आले. सुप्याला त्यांनी माझे काम पाहिले होते. चावडीवर ते सरळ बोलले, "तुमच्या गावातच शिकवणारी आहे. बाई रेघ आखायला शिकवतील."

मग मागून एक जण, "आमच्या आज्यानं बांध घातलं, ते काय म्हारवाड्यात इचारून घातलं हुतं का?"

दुसरा म्हणाला, "घोडी हाय म्हनं तिची. चंदी काय घालतीस गं तिला?"

साहेब भला माणूस. भल्या माणसांची एक खोड असते. त्यांना भांडण नको असते. त्यांनी तोड काढली. "असं करू. बाई तोंडी सांगतील, पाटलांचे पुतणे करून दाखवतील. म्हणजे कुणाचीच अडचण नाही."

कुणाचीच म्हणजे त्यांची.

मी होकार दिला. का दिला तेही सांगते. पाटलाच्या शेताच्या वर, चढाला, आमच्या महारवाड्याचा वतनाचा सामाईक तुकडा आहे. खडकाळ. जी थोडी माती होती ती दरवर्षी वाहून पाटलाच्या शेतात उतरायची. साहेब म्हणाले होते, "पाटलांचा बांध टिकला, की पुढच्या साली तुमच्या तुकड्यावर बांध मंजूर." त्या बांधासाठी मी गप्प बसले.

उन्हाळ्यात काम सुरू झाले. गाव वरच्या अंगाला उभे, मी खालच्या अंगाला वीस पावलांवर. मी म्हणायची, "पाय रोवा." पुतण्या मोठ्याने म्हणायचा, "पाय रोवा!" मी म्हणायची, "सुतळी थांबू द्या." तो म्हणायचा, "सुतळी थांबू द्या!" आणि लोक म्हणायचे, "काय डोकं हाय पोराचं!" तो पोर तिशीचा होता.

रोज सकाळी मी घोडी उभी करायची, उलटी करायची, खूण घ्यायची. मग घोडी जमिनीवर ठेवून मागे व्हायचे. पुतण्या तांब्यातून तिच्यावर पाणी शिंपडायचा आणि मगच उचलायचा. पहिले दोन दिवस बेताने शिंपडले. तिसऱ्या दिवशी गावचे भटजी बघायला आले होते, तेव्हा त्याने अख्खा तांब्या ओतला.

खूण धुऊन गेली.

मी वीस पावलांवरून पाहिले. आडव्या काठीवरून काळे पाणी ओघळले. मी ओरडले, "खूण गेली. थांबा, परत घ्यावी लागंल."

त्याने काठीकडे पाहिले. परत खूण घ्यायची तर घोडी माझ्या हातात द्यावी लागणार. मग परत पाणी. परत खूण धुणार. हे त्याच्याही लक्षात आले असेल. त्याने बोटांनी काठीची लांबी मोजली, बरोबर मध्य काढला आणि खिशातल्या चाकूने खाच पाडली.

"आता कशी जाईल?" तो म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या.

मी म्हटले, "काठीचा मध्य म्हंजे पातळी न्हवं. काठी तिरपी बांधलीय. उलटी करून बघा."

"तुझं सांगून झालं न्हवं? आता लांब हो. सावली पडतीय."

सावली माझ्या मागे पडत होती. मी लांब झाले. माझ्या हातून घडलेली चूक ती हीच. साहेब त्या दिवशी तालुक्याला गेले होते. मी दुसऱ्या दिवशी त्यांना सांगू शकले असते. सांगितले नाही. आमच्या तुकड्याचा बांध जाईल म्हणून भ्याले.

बांध पुरा झाला. पुतण्याला चावडीवर फेटा बांधला. साहेबांनी भाषण केले, त्यात माझे नाव नव्हते. नारळाची वाटी मिळाली, ती खाली ठेवलेली. मी उचलली.

हस्ताचा पाऊस दोन दिवस जोराचा झाला. तिसऱ्या सकाळी पाटलाच्या शेतात पुरुषभर खोल घळ पडली होती. पाभरीने नुकताच पेरलेला जुंधळा मातीसकट ओढ्यात. मी घोडी घेतली, नवी खूण घेतली आणि बांधाच्या कडेने चालले. कोळशाच्या खुणेने आखलेला अर्धा बांध शाबूत होता. पाणी मुरून गेले होते, गाळ जागेवर. जिथे खाच पाडली त्या खुंटीपासून रेघ उतरत गेली होती. टोकाला हातभर खाली. सगळे पाणी बांधाच्या कडेने टोकाला धावले आणि तिथे फोडून गेले. आंधळ्यालाही दिसले असते.

दोन दिवसांनी नवरा दारात उभा राहिला. घरी आल्यावरही काठी हातातून सुटली नव्हती.

"चावडीवर बलावलंय. कुलकर्ण्यानं कागद लिवलाय. रेघ तू चुकीची आखलीस आसं. तुझा अंगठा पायजे."

"आणि न्हाई दिला तर?"

"तर खळ्यावर आपल्याला बलुत्याची पायली न्हाई. आख्ख्या म्हारवाड्याला." तो खाली बसला. "अगं, बोटाला शाई लागंल. धुतली की गेली. काय जातंय?"

मी म्हटले, "पुतण्यालाबी तसंच वाटलं हुतं. पाणीच तर वतायचंय."

त्याला कळले नाही. मी घोडी उचलली आणि निघाले.

चावडीवर सगळे होते. पाटील, पुतण्या, कुलकर्णी, साहेबसुद्धा. साहेब जमिनीकडे बघत होते. कुलकर्ण्याने कागद वाचला. "मी खाली सही करणार कबूल करते, की रेघ आखण्यात माझी चूक झाली." बास. दोन ओळी. या दोन ओळींनी पुतण्याचा फेटा वाचत होता आणि साहेबांचा अहवाल पुरा होत होता. आमच्या तुकड्यावरचा बांधही त्याच दोन ओळींत बुडत होता. चुकीची रेघ आखणारीला दुसरा बांध कोण देणार? आणि गाव परत सरळ बांधांकडे जाणार.

मी पायऱ्यांपाशी गेले. घोडी सगळ्यात खालच्या पायरीवर उभी केली. सुतळी थांबू दिली. मग पाय अदलाबदल करून उलटी उभी केली. आधी सुतळी खाचेच्या एका बाजूला तीन बोटे पडली, मग त्याच बाजूला एक बोट. म्हणजे मधली खरी खूण खाचेपासून दोन बोटे दूर. एकदाही खाचेवर नाही.

मी म्हटले, "ही खाच कुनाची हाय, सगळ्या गावानं बघितलंय."

पुढच्या रांगेतल्या चार जणांनी माना पुढे केल्या. त्यांना दिसले. मी त्यांचे डोळे पाहिले, दिसले होते. एक म्हातारा पुटपुटला, "आरं, खरंच की."

तेव्हा पाटील उठला, पायऱ्या उतरला आणि त्याने पाय ठेवला. बाकीचे मी आधी सांगितले आहे. गाव हसले ते त्यानंतर. त्या म्हाताऱ्यासकट.

"आता अंगठा," पाटील म्हणाला.

मी साहेबांकडे पाहिले. "साहेब, तुमी तर शिकलेलं. तुमी बगितलं न्हवं?"

साहेब म्हणाले, "बाई, वाढवू नका. सही करून टाका. पुढचं मी बघतो."

कुलकर्ण्याने शाईची डबी पायरीवर ठेवली. खाली. मी उचलावी म्हणून.

मी उचलली नाही. म्हटले, "मला सही येती. वाचता बी येतं. म्हनून करनार न्हाई. रेघ माझी बरोबर हुती. तुमी तिच्यावर पानी वतलं."

पाटलाने शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नाही. ती त्याची आहे, त्याच्यापाशी राहू दे. मी मोडलेली घोडी गोळा केली. "वडून न्या" म्हणाला होता ना. नेली. सुतळी आणि दगड शाबूत होते.

खळ्यावर महारवाड्याला पायली मिळाली नाही. त्या साली नाही, पुढच्या साली नाही. नवऱ्याची येसकरकी गेली. माझी थोरली जाऊ पोरांना घेऊन नगरला मजुरीला गेली, जाताना मला म्हणाली, "तुझ्या दोन बोटांपायी आमचं घर उठलं." ती खोटे बोलली नाही. तिचे घर उठले. सासू महिनाभर माझ्या हातचे जेवली नाही.

मी नवी घोडी बांधली. मंजुरी कुणाची नव्हती, म्हणून कुणाला विचारायचेही नव्हते. आमच्या तुकड्यावर मी रेघ आखली आणि महारवाड्यातल्या बायकांनी दोन उन्हाळे दगड रचले. प्रत्येकीला घोडी हातात धरायला लावली, प्रत्येकीकडून खूण घेऊन पाहिली. एकीने बोटांनी मध्य काढला, तिला मी उलटी करून दाखवले. आता त्या आपापल्या माहेरी जाऊन आखतात. हस्त दोनदा आला. आमचा बांध टिकला. वरून येणारी माती आमच्यात थांबली. वीतभर गाळ धरला आहे, त्यात जुंधळा येतो. सगळ्यांना पुरत नाही. पण येतो.

पाटील गावात सांगतो, "म्हारांनी आमची माती आडवली." आमची!

यंदा उन्हाळ्यात पुतण्या आला. त्याच्या घळीचे तोंड शेताच्या मध्यापर्यंत गेले आहे. महारवाड्याच्या कडेला उभा राहून त्याने माझ्या नवऱ्याला हाक मारली. मी बाहेर आले. हातात घोडी होती, सकाळची खूण घेत होते.

तो म्हणाला, "येक दिसासाठी घोडी दे. रेघ मी टाकीन. तू नुस्ती खूण करून दे."

"देते की. घ्या." मी घोडी पुढे धरली.

तो हलला नाही. "खाली ठेव."

मी धरूनच राहिले. माझा हात भरून आला. चाचाचाही तसाच आला असेल. पुतण्याने इकडेतिकडे पाहिले. कोणी बघत नव्हते, तरी पाहिले. मग म्हणाला, "ठेव गं. मला घाई हाय."

"मला न्हाई," मी म्हटले.

तो गेला. तो परत येईल, कारण घळ थांबणार नाही. तो येईल, त्याच्यामागे दुसरे येतील. मी सगळ्यांना शिकवीन, पाटलालासुद्धा. महारवाड्यात यायचे, आमच्या जमिनीवर बसायचे, माझे बोलणे माझ्या तोंडून ऐकायचे. घोडी माझ्या हातातून घ्यायची. तांब्या घरी ठेवून यायचे.

खाली मी ती ठेवणार नाही. त्यांचे शेत ओढ्याला लागले तरी नाही.